रसेल ऑस्ट्रेलियाकडून का खेळला नाही

मंडळी, रविवारची झोप आणि मुलांच्या ट्यूशन सोडून तुम्ही आलात. माधवीच्या वतीने आभार मानायला मला उभं केलंय. रसेल, तिचा नवरा, माझा साडू. साडूची निंदा मला तोंडपाठ. स्तुतीची सवय नाही.

तो ऑस्ट्रेलियात राज्याच्या संघाकडून खेळला. जलद-मध्यमगती. आपल्या मराठी मंडळाची इथेच निराशा झाली, कारण आपल्याला ऑस्ट्रेलियन बोलर म्हणजे डोकी फोडणारा हवा. हा दिवसभर वाऱ्याच्या विरुद्ध, एकाच टप्प्यावर टाकणारा. फलंदाज वैतागायचा आणि दुसऱ्या टोकाच्या वेगवान बोलरला विकेट देऊन जायचा. फोटो त्या दुसऱ्याचा छापून यायचा.

'राग नाही येत?' मी विचारलं.

'साडूभाऊ, वाऱ्यात कुणीतरी टाकायलाच हवं ना.' त्याचं मराठी सासूबाईंकडून आलेलं. त्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध.

मग देशाकडून का नाही खेळला? काल त्यांच्या हौगांगच्या घरी माधवीने मला हेच विचारलं. 'भाऊजी, माझ्या सिंगापूरच्या नोकरीपायी त्याचं क्रिकेट गेलं का? मला म्हणायचा, निवड समितीने नाव आधीच काढलं होतं, तुझी नोकरी नंतर आली.'

मी विषय बदलायला गेलो. कारण मला त्याने सांगितलं होतं, बोलावणं आलं होतं, तोच गेला नाही. तेव्हा मीही नोकरी सोडून बायकोच्या बदलीमागून, डिपेंडंट पासवर इथे नुकताच आलो होतो आणि घरात तोंड पाडून बसायचो.

तेवढ्यात त्यांची मुलगी इरा सोफ्यावरून म्हणाली, 'काका, मला तर खांदा गेला म्हणून सांगितलं. माझा गुडघा दुखावला होता ना, तेव्हा. बाबा लाइक दॅट वन, लाह, असेच ते.'

तीन माणसं, तीन हकिगती, करिअर एकच. यातली खरी कुठली? की तिन्ही खोट्या? मैदानावर टप्पा न बदलणारा माणूस घरात माणूस बघून टप्पा बदलत होता.

माधवी, मला अजूनही माहीत नाही. हो म्हणवत नाही, नाही म्हणायला पुरावा नाही. पण एक मी पाहिलंय. मागच्या वर्षी पाया लेबार स्टेशनला कॉफी पिताना मी त्याला गाठलं. म्हटलं, पुन्हा संधी मिळाली, तर काय करशील? तो विचारात पडला. मला वाटलं, आता खरं बाहेर निघतंय. तेवढ्यात तू ऑफिसमधून येताना दिसलीस. तो उठला. कॉफी टाकून, मला टाकून, प्रश्न टाकून. तुझी बॅग घ्यायला.

तू बॅग दिलीस आणि फोनवर बोलत पुढे निघालीस. इतकी तुला सवय. त्याचा चेहरा तुला दिसला नसेल. मला दिसला. काही गमावलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

चला, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. रसेलला आता थोडा वेळ कुणीच काही विचारायचं नाही.