बाहीमागची गावं

सासू : हे गावाचं नाव आहे की खोकल्याचं औषध? पुन्हा वाच बघू.

सून : 'स्वर्णप्रभानगरी.'

सासू : असल्या गावात तहान लागली तर पाणी मागायचीसुद्धा चोरी. मास्तर, राहाल का हो ह्या नगरीत?

मास्तर : पत्ता पाकिटावर मावायचा नाही, बाई.

सून : मी नाही ठेवलं ते. प्रकाशकांकडच्या माणसानं सुचवलंय. आज संध्याकाळपर्यंत पाच नावं दिली नाहीत, तर तो त्याचीच छापणार. ह्यांच्या पुस्तकात.

सासू : मग छापू दे. पुस्तक माझ्या मुलाचं, बायको तू त्याची. कपडे शिवणाऱ्या बाईकडं काय काम काढलंस? त्याला स्मशानात पोचवून आलो, त्याला चार महिने झाले. आज बरी वाट सापडली.

सून : वाट तुमच्याकडूनही तेवढीच आहे, आई.

सासू : जिभेला धार आली गं तुझ्या. बरं, पसर तो नकाशा. मास्तर, मशीन थांबवा जरा, माझ्या कानातच टीप मारताय.

सून : हा बघा. हे राज्य. ही नदी समुद्रातून निघते आणि डोंगर चढते.

सासू : चढते? मग दम खायला कुठं बसते?

सून : इथं. ह्या तळ्यापाशी. तर नदीला नाव नाही, तळ्याला नाही, ह्या बंदराला नाही, ह्या खिंडीला नाही. आणि गोष्टीतली पोरगी जिथून घर सोडून निघते, त्या गावाला नाही.

सासू : बाकी एवढी शंभर नावं ठेवली, तर ह्या पाचांनीच काय घोडं मारलं होतं?

सून : रोज तिथं पेन्सिल टेकवायचे आणि उचलायचे. म्हणायचे, ही पहिल्या नकाशातली ठिकाणं आहेत, ह्यांना नाव आहे, मी दुसरं ठेवणार नाही. चौदा वर्षांचे असताना काढला होता म्हणे. तुम्ही चुलीत घातलात तो.



मास्तर : पाणी देऊ, बाई?

सासू : तुम्ही काजं करा.

सून : भांडायला नाही आले मी. त्यांच्या वहीत, कडेला हे एवढं लिहिलेलं सापडलं. वाचा.

सासू : चष्मा नाही माझा.

सून : डोक्यावर आहे.

सासू : 'पाच... ना...वं... आई...कडे आहेत.' आणि ह्यावरून तुला काय वाटलं?

सून : वाटलं, तुम्ही ठेवावीत अशी इच्छा असेल. नावं ठेवण्यात तुमचा हात कोण धरणार?

सासू : माझ्याच दुकानात बसून मला चिमटे. ठेवते, त्यात काय. घे लिहून. तळ्याला म्हण... तळ्याला...

सून : घाई नाही, आई.

सासू : नाही ठेवता यायचं. मास्तर, खिळ्यावरचे मापाचे कागद काढा. शाळेच्या सदऱ्याचे. पाठीचा, कॉलरचा, बाहीचा. सगळे. आणि तिच्यापुढं उलटे करून ठेवा.

सून : हे तर... हिरवी शाई. आई, हे ह्यांचं अक्षर आहे!

सासू : चुलीत नव्हता घातला. चाळीस सदऱ्यांचं काम आलं होतं आणि मापं कापून ठेवायला कागद नव्हता. टेबलावर हा मोठा कागद पालथा पडलेला. मी खडू मारला, कात्री घातली. पाठ झाली, कॉलर झाली. बाही उचलली तेव्हा खालून हिरवं दिसलं.

सून : मग चुलीत गेला असं का सांगितलंत?

सासू : मग काय पोराच्या पाया पडू? आईचं चुकलं म्हणू? म्हटलं, गेला चुलीत, अभ्यासाला बस. वाटलं रडेल, आदळआपट करेल, दुसरा काढेल. रडला नाही. दुकानाची पायरी पुन्हा म्हणून चढला नाही.

मास्तर : चढला होता, बाई. एकदा.

सासू : कधी?

मास्तर : तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. ह्यांचं लग्न नुकतंच झालेलं. तुमचा चष्मा न्यायला आला होता. बाही माझ्याच हातून खिळ्याला उलटी लागली होती. बघत उभा राहिला. मी म्हटलं, घेऊन जा, मी नवीन कापतो. तर म्हणाला, नको मास्तर, आई देईल तेव्हा घेईन. सुलटी करून लावली आणि गेला.

सासू : आणि हे तुम्ही मला आज सांगताय?

मास्तर : बोलू नका म्हणाला होता.

सासू : दर रविवारी घरी यायचा. समोर बसून चहा प्यायचा. मी कप विसळताना म्हणायचे, पुढच्या रविवारी देऊ. हे काय जड आहे, कागदाचे चार तुकडे.

सून : आई...

सासू : माझ्याकडं बघू नको. वाच तू. मी कधी वाचले नाहीत. जोडून जोडून वाचता आलं असतं, पण नाही वाचले.

सून : नदी 'तिळवेणा'. तळं 'सातसावट'. खिंडीचं नाव 'घुमार'. कॉलरवर बंदर आहे, 'ओरुंबी'.

सासू : पुन्हा म्हण.

सून : ओरुंबी.

सासू : हं. इथं पाणी मागता येईल.

सून : आणि बाहीवर त्या पोरीचं गाव. 'निव'... पुढचं कापलं गेलंय, आई. काखेच्या गोलाईत.

सासू : ती चिंधी त्याच दिवशी केरात गेली.

सून : मग एवढं तुम्ही पुरं करा. तुमच्याकडेच सोपवलंय त्यांनी.

सासू : नाही. एकदा हात लावला तेवढा पुरे झाला. जेवढं उरलंय तेवढं छापायला सांग.

सून : नुसतं 'निव'? लोक विचारतील.

सासू : विचारू देत. कात्री माझी होती म्हणून सांग. चल, गुंडाळ आता, संध्याकाळ व्हायच्या आत दे नेऊन. मास्तर, सुतळी द्या तिला.

मास्तर : देतो. पण बाई, उद्याच्या बाह्या कशावर कापायच्या?

सासू : माप मला पहिल्या दिवसापासून तोंडपाठ आहे, मास्तर. कागद त्यासाठी नव्हता टांगला.