जितलेल्याचे शॉकप

...अन् वरून लोक मलेच इचारतात, "पह्यला नंबर आला, मंग तोंड काहून पाडून बसला?" आता तुमाले सांगतो, हे सारं त्या शॉकपापायी! शॉकप म्हंजे बापा, जीपच्या चाकाचा गचका जो सोता गियते, आपल्या कंबरेपर्यंत येऊ देत नाही तो. माह्या जीपचे त कवाच मेले होते! आमची दुर्गाबाई, माही बायको, एस्टीत उभी राहून कारंज्याले जाईन, पन माह्या जीपमधे? "जीव गेला तरी बसनार नाही! दुसरी कंबर काय माहेरून आनू?"

त जऊळक्याच्या टेसनामागच्या पडीक वावरात दरसाल आमच्या जीपच्या शर्यती. धसकटं, धुरे म्हंजे वावराचे बांध, सारं तसंच! यंदा कमिटीचे माणिकराव उभे राह्यले, गया खाकरला... "मंडळी! पैसेवाल्यानं महागाचे शॉकप लावाचे अन् बाकीच्यानं फुफाटा खायाचा, हे बंद! जितलेल्याचे शॉकप हरलेल्यानं मांगले, त जुन्या ट्यूबच्या भावात देऊन टाकाचे!" सगयात जोरात टाळ्या कोनं वाजवल्या? मीच! नियम म्हंजे नियम, भाऊ!

अन् दुसऱ्याच दिवशी नागपूरले जाऊन नवे शॉकप घेऊन आलो. तेवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती! अहो, पन मांगते कोन? सारे सोयरेधायरे, डोयाले डोया भिडवून मांगाची लाज नाही वाटनार? घरी म्हनलं, "दुर्गे, तुह्या कंबरेसाठी आनले." तिनं बोनट दाबून पाह्यलं. जीप खाली गेली, वर आली, गप उभी. अशी हासली म्हनता... "शर्यतीहून येतानी बसीन तुमच्या बाजूले." कित्येक वर्सानं बोलली बॉ असं! मले शर्यतीपरीस तेच मोठं.

मंग काय इचारता! बाकीच्या जीपा धुऱ्यावर उड्या मारून राह्यल्या अन् माही आपली डुलत डुलत पुढं. पह्यला नंबर! गयात हार, हातात कप, दुर्गाबाई पदर सावरत येऊन राह्यली... अन् मागून आवाज, "इवाई!"

इंद्रभान! माह्या पोरीचा सासरा! शेवटून पह्यला आलेला! "इवाई, ते शॉकप पाह्यजे होते... नियम म्हंजे नियम."

आता पोरगी ज्याच्या घरी नांदते त्याले नाही कसं म्हनाचं, सांगा! दुर्गाबाईनं कोपर मारलं, "हो म्हना! अन् चहा सांगा!" चहा सांगितला. तिथंच जीपखाली शिरलो, नवे त्याच्या जीपले, मेलेले परत माह्या जीपले. नटही मीच आवयले, गयात हार तसाच!

हात पुसले, म्हनलं, "चाल दुर्गे, बस." त ही निंगाली सरळ इवायाच्या जीपकडं! मागच्या शिटावर इहीनबाईजवय जाऊन बसली! अरे? म्हनलं, हे काय?

"तुमीच म्हनले ना, माह्या कंबरेसाठी आनले? मंग ते जिथं, मी तिथं."

कप मांडीत घेतला अन् निंगालो त्याईच्या मागं मागं, फुफाटा खात. धुरा आला की कप हनुवटीले लागे... नियम म्हंजे नियम, भाऊ!