पारखलेलं बेणं

— नाही नाही, मंदामावशी, दारातूनच फिरू नका, तुम्ही उद्या येणार होतात ना, म्हणून जरा गोंधळ — बसा, पंखा लावते. मम्मी साडीचे पीस पोचवायला गेलीय, पप्पा कारखान्यात, लूमच्या संच्यावर. मी एकटीच आहे. हो, एकटीच. तो आवाज? वरच्या घरात मसाला कुटतात. मीच दचकले बघा, रोजचं असून.

सामूहिक लग्नाच्या यादीत माझं नाव घालायचं तर समाजाच्या मंडळाला आधी घर बघावं लागतं, कळतं मला. पण मंडळाचे योगराजशेठ परवा सभेत बोलले ते तुम्हाला पटलं का? खरं सांगा. म्हणे बारडोलीवाले ऊस लावताना बेणं पारखून घेतात, मग आपण लग्न लावताना घराणं का पारखू नये — ज्या घरात आंधळं, बहिरं, वेडं मूल निघालं त्या घराला मंडळाचा मांडव नाही. नगरसेवक झालो की अख्ख्या वॉर्डात हेच करीन, म्हणे. आणि काय टाळ्या! मावशी, उसाचं बेणं पारखतात कशाला? शेवटी ऊस चरकातच घालायचा असतो म्हणून. माणूस काय — नाही, मी शांतच आहे. कॉलेजात राज्यशास्त्र होतं मला, असं कुठे कुठे झालंय ते वाचलंय, आधी नुसती लग्नं थांबवतात, मग — जाऊ द्या. पाणी घ्या ना.

पप्पांचं तुम्हाला माहीतच आहे, जन्मभर लाल बावटा धरला. ते म्हणतात, मांडव वर्गणीचा, वर्गणी सगळ्या कामगारांची, मग मांडव सगळ्यांचा, आणि जो दुबळा त्याचा आधी. नाक्यावर चहाच्या लारीवर, त्या हातगाडीपाशी, भांडले शेठशी. शेठ हसून म्हणाले, शालिग्रामभाऊ, तुमचा समाजवाद म्हणजे एक लंगडा म्हणून सगळ्यांनी लंगडायचं. पप्पा घरी आले ते जेवलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून मम्मीला म्हणाले, मंडळाची बाई यायच्या आधी लखनला मामाकडे सोडून —

लखन? लखन म्हणजे — भाऊ. धाकटा.

बरं, नाही कुटत कुणी मसाला. तो आहे आतल्या खोलीत, दार वाजवतोय. जिन्यात तुमचा आवाज आला तशी मीच बाहेरून कडी घातली. त्याला ऐकू येत नाही, मावशी. आम्हालाच किती उशिरा कळलं — पप्पा दिवसभर संच्यांच्या खडखडाटात हातांनी बोलतात, घरी आले तरी हातच हलवतात, आणि हा एवढासा, हातांनीच उत्तर द्यायचा. आम्ही हसायचो, म्हणायचो, पप्पांवर गेलाय पोरगा!

माझ्या रक्तात आहे का? — माहीत नाही. डॉक्टर म्हणाले त्याचं ऐकणं तापाने गेलं असेल, नाहीतर जन्माचंच असेल, तू तपासून घे. मी गेले नाही. मला भीती वाटते. मुलाकडच्यांची अट आहे, लग्न मंडळाच्याच मांडवात, आणि विकास चांगला आहे हो, मला हे लग्न हवंय. सभेत मी टाळी वाजवली नाही, शप्पथ. पण घरी येताना मनात आलंच — योगिता, तुझं मूल असं निघालं तर? म्हणजे लखनसारखं निघू नये. म्हणजे लखन नसता तर. मग शेठमध्ये आणि माझ्यात काय — कडी तर मीच घातली ना? बाहेरून? माणसाला?

थांबा. काढते.

— हा लखन. असं ओठाशी बोट नेलं ना, म्हणजे विचारतोय, मावशींना चहा ठेवू का. आमच्याकडे चहा तोच करतो, आलं ठेचून. काय सांगू त्याला? मावशी? — असं हळू हळू काय बोलताय? लग्न होईपर्यंत याला मामाकडेच ठेवा? कुजबुजू नका, त्याला ओठ कळतात — बघा, हसायचा थांबला.