बाहेर थांबलेली आई

मंडळी, ऐका! आजारी लेकराच्या आईला दवाखान्यात काय हवं असतं? मोठा डॉक्टर? थंड हवा? भिंतीवर रंगवलेला ससा? आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात ससा रंगवलाय. जरा तिरळा आहे, पण आहे!

तर वैजंता गव्हाणे नावाची बाई. तिची पोर सानिका, वय सात. पोरीच्या अंगात रक्त टिकत नाही. दर एकवीस दिवसांनी बाहेरचं रक्त चढवायचं — जन्मभर! आपण एकादशी विसरतो. वैजंता एकविसावा दिवस विसरली नाही.

तिथे ढगे सिस्टर होत्या. पोर दिसली की म्हणायच्या, "आलीस का गं भवाने? आण डावा हात!" शीर कुठली, रक्त किती हळू सोडायचं — सगळं तोंडपाठ. सहा वर्षं! मग? मग बदली. माणूस कामाचा आहे हे सरकारला कळलं की दुसरं काय होणार?

नवे डॉक्टर आले. तरुण, हुशार — आणि बाहेर ही रांग!

"काय होतंय बाळाला?"

वैजंतेने सहा वर्षं पहिल्यापासून सांगितली. "आणि साहेब, रक्त हळू सोडा. जोरात गेलं की हिला धाप लागते."

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"तुम्हीच, साहेब. पण मी हिच्याबरोबर —"

"बाहेर थांबा."

भांडावं? मागे भांडली, तर केसपेपरवर शेरा पडला — 'आई त्रास देते.' थांबली बिचारी!

रक्त भरभर गेलं. तासाभरात पोर माशासारखी तडफडायला लागली! दोन दिवस नाकाला नळी. वाचली — नको, टाळ्या नको! डोळे उघडून पोरीने काय विचारलं?

"आई, तू सांगितलं नव्हतंस त्यांना?"

"सांगितलं होतं गं."

डॉक्टर तिथेच उभे. मान खाली. म्हणाले, "चुकलं माझं, ताई. पुढच्या वेळी मी लक्षात ठेवीन."

"पुढच्या वेळी तुम्ही असाल, साहेब?"

डॉक्टरांची तात्पुरती नेमणूक आठवड्याने संपत होती. एकविसाव्या दिवशी पुन्हा नवं माणूस, पुन्हा पहिल्यापासून!

ऐकणारं, आणि पुढच्या खेपेला तिथेच असणारं माणूस — एवढंच हवं होतं हो त्या आईला!

डॉक्टरवर दात खाऊ नका. काल वैजंता याच मंडपात आली होती. तुम्ही काय दिलंत तिला? सल्ले! नजर काढ, शनिवार धर, अंगारा लाव. "बस बाई, सांग, मी ऐकतोय" — असं कोण म्हणालं? हात वर करा!

माझ्याकडे काय बघता? मीही नाही म्हणालो. कीर्तनाची वेळ झाली होती. मी तिला नामस्मरण सांगितलं — आणि बाहेर बसवलं.