गप्पीची पिल्लं

लातूरच्या स्टँडवर अहमदपूरची गाडी लागेना. तान्ह्या नातवाला मांडीवर थोपटत साखराबाई शेजारी बसलेल्या जोहराबीपाशी तणतणत होत्या.

“गप्पी मासळी व्याली, तर माझ्या लेकानं, शिवमनं, पिल्लं काढून वेगळ्या बरणीत ठिवली!”

“आईच खाती म्हणतेत त्यांना.”

“आई लेकरं खाती व्हय? लई राग आला मला. इवल्या जिवांना आईपासून तोडतेत का? दिली परत काचपेटीत सोडून!”

“मग?”

“सकाळी एक उरलं न्हाई. पाणीच खराब असंल!”

“ह्या बाळाची आई कुठाय?”

“हितंच, लातुरात. नोकरीवाली ती, तिला लेकरू सांभाळाय येतंय व्हय? म्हणून ह्याला घिऊन चाललेय गावाकडं.”

“अंगावर पितंय न्हवं अजून?”

“घरी म्हैस हाय की माझ्या!”