वीतभर

शिवणताई : ...आणि हे माझं आसनही ठेवून घ्या, भन्ते. उद्यापासून मी ध्यानाला यायची नाही.

भन्ते : ताई, या खोलीतलं एकेक आसन तुमच्या हातचं आहे. कोणी काही बोललं का?

शिवणताई : बोललं असतं तर मी ऐकून घेतलं असतं होय? माझ्या मुलाच्या गाडीखाली ते पोर गेलं, तेव्हापासून माझ्या दोन्ही बाजूंची आसनं रोज वीतभर सरकताहेत. आज मधे खाट मावली असती.

भन्ते : कोणी ठरवून केलं नसेल.

शिवणताई : तेच तर! ठरवून केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. डोळे मिटून सगळे सर्वांचं मंगल चिंततात, सगळ्यांचं मिळून एक मन होतं आणि त्यातून नेमकी मी वगळली जाते. तुम्हीच शिकवता ना, मन एकट्याचं नसतं, एकाचं बी दुसऱ्यात पडतं म्हणून?

भन्ते : शिकवतो. पण माझ्या डोळ्यांसमोर फक्त मैत्रीचं बी होतं. भीतीचंही तसंच पडतं. समोर बसून मला ते अंतर रोज दिसत होतं, ताई. मीही गप्प राहिलो.

शिवणताई : म्हणजे तुमच्यातही पडलं.

भन्ते : पडलं. बी कुठूनही येवो, पाणी मात्र ज्याचं त्यानेच घातलेलं असतं. मीही घातलं... मुलगा कसा आहे?

शिवणताई : जामिनावर सुटलाय. खोलीतून बाहेर येत नाही.

भन्ते : जेवतो ना?

शिवणताई : ताट ठेवते की मी.

भन्ते : कुठे?

शिवणताई : दाराशी.

भन्ते : पहिल्यापासून दाराशीच?

शिवणताई : नाही हो. आधी त्याच्यासमोर ठेवायचे. पण त्याच्या हातांकडे बघवेना. मग उंबऱ्यावर ठेवायला लागले. आता बाहेर ठेवते, कडी वाजवते आणि मशीनवर जाऊन बसते.

(शिवणताई आपल्या हाताची वीत उघडून बघते.)

शिवणताई : अगं बाई... मीसुद्धा वीतवीतच सरकले की.

भन्ते : उद्या मी चौथऱ्यावरून खाली उतरून तुमच्या शेजारी बसेन. बाकीचे काय करतील, सांगता येत नाही.

शिवणताई : तुमचं तुम्ही बघा, भन्ते. ते आसन द्या इकडे.

भन्ते : म्हणजे उद्या येताय?

शिवणताई : उद्याचं उद्या. त्याच्या खोलीतली फरशी फार गार असते. आज तिथेच जेवायला बसेन म्हणते.