मॉडेलमधला नारळ

हा किस्सा आमचे हे रंगवून सांगायचे, आता मलाच सांगावा लागतो. हे वैभववाडीकडे स्टेशनमास्तर असताना पुण्याचा एक इंजिनियर लेझरचं यंत्र घेऊन आला. बाकापासून पंख्यापर्यंत स्टेशनची सगळी मालमत्ता, कशाची देखभाल कोणाकडे या नोंदीसकट, त्याला कॉम्प्युटरवर हुबेहूब उभी करायची होती. हमाल गोविंदाने आधी यंत्रापुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. इंजिनियरही निमूट 'होय म्हाराजा' म्हणाला.

महिन्याने त्याचा फोन आला.

"मास्तर, मॉडेलमध्ये तो नारळही आलाय. साहेब पास करत नाहीत. काढून टाकू?"

ह्यांनी गोविंदाला विचारलं.

"काढूक सांगा. पण उद्या तेंचा यंत्र बिघडला तर माका विचारू नकात."

ह्यांनी ते शब्द तसेच फोनवर ऐकवले.

मॉडेल नारळासकट पास झालं. नारळाच्या देखभालीची जबाबदारी त्यात स्टेशनमास्तरांवर टाकली होती.